नंदू घाडीगावकर, गाऱ्हाणे तज्ज्ञ

नंदू घाडीगावकरची आणि गंधालीची पहिली भेट झाली, तेव्हा दोघांच्या मध्ये तीन मजले, चार लोखंडी दोर आणि एक बंद पडलेली लिफ्ट होती. गंधाली लिफ्टच्या आत होती. मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अशी अडकली होती, की फटीतून तिला धीर द्यायला जमलेल्या शेजाऱ्यांची फक्त टकलं दिसत होती. आत दिवा नाही, पंखा नाही, मोबाइलला रेंज नाही. पंचवीस मिनिटं झाली होती. आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

"घाबरू नको गो बाय! मी वर आसंय!"

असा आवाज मुलुंडने त्याआधी ऐकला नव्हता. लिफ्टची भिंत थरथरली. दुसऱ्या मजल्यावरच्या कुकरने अर्धी शिट्टी गिळली. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी सहा वर्षांत पहिल्यांदाच कानातलं यंत्र काढून ठेवलं. खालच्या वॉचमनने ताडकन उभं राहून सलाम ठोकला. कोणाला, ते त्यालाही कळलं नाही. आणि आतल्या अंधारात गंधालीने हात जोडून वर पाहिलं. घरात तीन पिढ्या देवघर नसूनही त्या क्षणी तिची खात्री पटली होती, की प्रत्यक्ष परमेश्वर बोलतोय आणि तो मालवणी आहे.

निदान गंधालीने नंतर नंदूला तसं सांगितलं. कुकर आणि वॉचमन नंदूने आपल्या पदरचे घातले.

परमेश्वर त्या वेळी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये ब्रेक सोडून हाताने चाक फिरवत होता. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीची नोकरी केल्यावर माणसाचा आवाज तसा होतोच. वर गच्चीवर उभं राहून खाली लिफ्टच्या खड्ड्यातल्या जोडीदाराशी बोलायचं, तर कुजबुजून चालत नाही. पण नंदूचा आवाज नोकरीने घडवलेला नव्हता, फक्त मोकळा केला होता. मूळ आवाज वडिलांचा. त्यांनी तो गिरणीतल्या मागांच्या खडखडाटावर चढवून चढवून एवढा केला होता, की ते घरात मीठ मागायचे तेव्हा शेजारची बाई वाटी घेऊन यायची.

लिफ्ट पाचव्या मजल्याला लागली. गंधाली बाहेर आली, ढसाढसा रडली, मग हसली, आणि उपकार कसे फेडावेत हे न सुचून तिने पर्समधून स्वतःचं कार्ड काढून नंदूच्या ग्रीसने माखलेल्या हातात ठेवलं. ती कार्डंच बनवायची. महिन्याभरापूर्वी नोकरी सोडून घरी बसून डिझाइनची कामं सुरू केली होती.

नंदूने कार्ड घेतलं आणि त्याचं लक्ष लिफ्टवरून उडालं ते उडालंच. कार्ड जाड होतं. पांढरं नव्हतं, सायीच्या रंगाचं होतं. अक्षरं कागदावरून किंचित वर आलेली होती. नंदूने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. इमारतीचे सेक्रेटरी लिफ्ट पुन्हा अडकणार का म्हणून विचारत होते आणि नंदू म्हणत होता, "काय गुळगुळीत आहे, यार!"

आता नंदूला कार्ड कशाला हवं होतं, हे सांगायला हवं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कार्ड लागत नाही. लिफ्ट बंद पडली की लोक त्याला पाताळातून शोधून काढतात. नंदूला कार्ड हवं होतं ते गाऱ्हाण्यासाठी.

देशावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार आठवते. कोकणात तसं नाही. तळकोकणात कुठलंही शुभकार्य असो, लग्न असो, गणपती असो की नवी रिक्षा घेतलेली असो, पुढ्यात नारळ ठेवून एक जाणता माणूस उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. सगळ्यांदेखत, मोठ्याने, हक्काने. बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरं, यांचं अमुक कर, तमुक टाळ. प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी एका सुरात म्हणतात, "होय म्हाराजा!" याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. हे पाठ करून येत नाही. समोर कोण बसलंय, कोणाचं काय अडलंय, हे बघून जागच्या जागी घालावं लागतं. कोणाची मुलगी दहावीला आहे आणि कोणाचा गुडघा दुखतो, हे ज्याला ठाऊक, त्याचं गाऱ्हाणं लागतं.

घाटकोपरच्या भटवाडीत नंदूचं गाऱ्हाणं लागायचं. पण त्याला कोणी गाऱ्हाणं घालणारा म्हणत नव्हतं. "तो रे, घाड्यांचा नंदू. मोठ्याने बोलतो तो," एवढीच त्याची ओळख. भटवाडीत दर जानेवारीत मालवणी जत्रोत्सव भरायचा. उद्घाटनाचं गाऱ्हाणं श्यामसुंदर नाना घालायचे. त्या वर्षी नाना कायमचे कुडाळला राहायला गेले आणि ती जागा रिकामी झाली. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात नंदूने देवाकडे स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते हे, की हजार-दोन हजार माणसं समोर आहेत, आपण गाऱ्हाणं घालतोय आणि सगळं मैदान "होय म्हाराजा" म्हणतंय. एकदा. बस.

तो जत्रोत्सव भरवणाऱ्या अनंत राऊळकडे गेला. अनंत त्याच्याच बालवाडीतला.

"नंदू, राग मानू नको," अनंत म्हणाला. "यंदा सगळं प्रोफेशनल करायचं ठरलंय. साउंडवाला प्रोफेशनल, लाइटवाला प्रोफेशनल. स्टेज सांभाळायला बाहेरची कंपनी आहे. दोन जणांनी गाऱ्हाण्यासाठी फोटोसकट फाइल पाठवली आहे. तुझं काय आहे? साधं कार्ड तरी आहे का?"

"मेल्या, बालवाडीत तुझी चड्डी सुटली तेव्हा मी कार्ड दाखवून बांधली होती काय?"

"तेच म्हणतो मी," अनंत म्हणाला. "कार्ड आण."

म्हणून पुढच्या रविवारी, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नंदू गंधालीच्या घरी गेला. जिन्याने गेला. लिफ्टवर त्याचा विश्वास नव्हता.

गंधालीने वही उघडली. शेजारी तिचे वडील विद्याधरपंत पेपर वाचत बसले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि रोज सकाळी पेपरमधली शुद्धलेखनाची एक चूक सापडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"काका, तुम्ही नेमकं काय काम करता? कार्डावर काय लिहायचं?"

"गाऱ्हाणी घालतो," नंदू म्हणाला. खिडकीची काच हलकेच वाजली.

विद्याधरपंतांनी पेपर खाली केला. "कोणाची?"

"लोकांची. लोकांना धड सांगता येत नाही ना, साहेब. काय पाहिजे ते पोटात असतं, ओठावर येत नाही. मग मी उभा राहतो."

"आणि कोणाकडे घालता?"

नंदूने बोट वर केलं. "वरती."

"वरती म्हणजे थेट?"

"एकदम थेट! मध्ये कोणी नाही."

"घाबरत नाही?"

"घाबरायचं काय त्यात? हक्काने सांगायचं. आवाज चढवून. पंधरा वर्षं घालतोय."

"आणि ऐकतात?"

"ऐकतात तर! काम लगेच होईलच असं नाही. कधी कधी वर्ष जातं. पण ऐकलं नाही असं होत नाही."

विद्याधरपंतांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे स्वतःचे दोन अर्ज अकरा महिने कुठल्या तरी टेबलावर पडून होते. "गंधाली," ते भारावून म्हणाले, "अशी माणसं आहेत म्हणून हे शहर चाललंय."

गंधालीचे डोळे चमकायला लागले होते. दुकानांची, ब्यूटी पार्लरची कार्डं सगळेच करतात. हे काही वेगळंच होतं. "काका, कार्डावर एखादं चित्र हवं. तुमच्या कामाची खूण."

"नारळ घाल."

"नारळ?"

"नारळाशिवाय गाऱ्हाणं कसं घालणार? आधी नारळ ठेवायचा, मग बोलायचं. मोठं काम असलं तर कोंबडा."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. "बघ," विद्याधरपंत हळूच म्हणाले, "सगळीकडे हे असं आहे. निदान हा माणूस उघड सांगतो तरी."

"नारळ नको, काका," गंधाली समजुतीच्या स्वरात म्हणाली. "लोक वेगळा अर्थ काढतील. मी करते काहीतरी छान. पैशांचं नाव काढायचं नाही, तुम्ही मला लिफ्टमधून काढलंय."

पुढचे चार दिवस तिने काय काय केलं, त्याची खबर नंदूला तासातासाला फोनवर मिळत होती. कधी अक्षरांची सहा वळणं, कधी निळ्या रंगाच्या अकरा छटा. नंदू लिफ्टच्या टपावर बसून एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन निळे रंग बघत होता. "तिसरा, बाय, तिसरा! पहिला शाळेच्या युनिफॉर्मसारखा वाटतो!" त्या आठवड्यात घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यातल्या निदान पाच लिफ्ट उशिरा चालू झाल्या.

आणि कार्डं आली. सायीच्या रंगाची, जाड, उठावाची. एका कोपऱ्यात बोलायचा कर्णा. नंदूला ती तुतारी वाटली आणि फार आवडली. मधोमध:

नंदकुमार घाडीगावकर
गाऱ्हाणे तज्ज्ञ

त्याखाली इंग्रजीत 'ग्रीव्हन्स कन्सल्टंट'. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'गाऱ्हाणं तुमचं, आवाज आमचा.'

ती ओळ नंदूने पुन्हा पुन्हा वाचली. पंधरा वर्षं तो जे करत होता, ते या मुलीने चार शब्दांत लिहिलं होतं. तो पाच मिनिटं काहीच बोलला नाही, हे बघून त्याची बायको सुगंधा आतून धावत आली. तिला वाटलं, बरं वाटत नसेल.

"ह्या ग्रीव्हन्स म्हणजे काय ओ?" तिने कार्ड उजेडात धरून विचारलं.

"गाऱ्हाण्याक इंग्रजीत ग्रीव्हन्स म्हणतत. बघ, 'ग'पासूनच सुरू होता. आपलोच शब्द नेलेलो असतलो."

"आणि कन्सल्टंट?"

"ता डॉक्टराच्या पाटयेर असता."

डॉक्टरच्या पाटीवर असतं म्हटल्यावर सुगंधाने एक कार्ड देवापुढे ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं.

नंदूने कार्डं वाटली. नुसती वाटली नाहीत, पेरली. मासळीवालीला दिलं, दातांच्या डॉक्टरला दिलं, मेट्रोच्या जिन्यावर धडकलेल्या अनोळखी माणसाने "दिसत नाही का?" विचारलं तर त्याला दिलं. ज्या ज्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त केली, तिच्या नोटिस बोर्डावर टाचणीने लावलं. अनंत राऊळच्या हातात दोन दिली. अनंतने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "झकास! स्टेजवाल्या कंपनीकडे देतो. उद्घाटनाला नक्की ये."

नंदू घरी आला तो जमिनीला पाय न लावता. आणि फोन सुरू झाले.

पहिला फोन कांदिवलीचा. "गाऱ्हाणे तज्ज्ञ का? अहो, आमच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय."

कबुतरांसाठी गाऱ्हाणं नंदूने घातलं नव्हतं. पण तज्ज्ञाने नाही म्हणायचं नसतं. "नारळ आहे घरात? पुढ्यात ठेवा. फोन स्पीकरवर टाका. बा देवा म्हाराजाऽऽ!"

कबुतरं त्या क्षणी उडाली आणि तीन दिवस परतली नाहीत, असं त्या गृहस्थाने नंतर कळवलं. देवाने ऐकलं की कबुतरांनी, हा प्रश्न वेगळा.

दुसरा फोन गॅसचा सिलिंडर उशिरा येतो म्हणून. तिसरा वरच्या मजल्यावरचे लोक पहाटे मसाला कुटतात म्हणून. चौथ्या बाईंनी सासूबद्दल अर्धा तास सांगितलं आणि गाऱ्हाणं न घेताच "बरं वाटलं" म्हणून फोन ठेवला. नंदू चकित झाला होता. मुंबईची माणसं देवाकडे इतक्या बारीक गोष्टी मागतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण प्रत्येकाला नाव विचारून, गाव विचारून तो मनापासून गाऱ्हाणं घालत होता.

सहाव्या फोनला सुगंधाने तो काढून घेतला. पलीकडचं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, फोन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ तज्ज्ञ! ही माणसां देवाक सांगूक फोन करणत नाय. मुन्शिपाल्टीक सांगूक करतत! तेंका वाटता तुमी तक्रारी नेतास!"

नंदूने कार्ड पुन्हा वाचलं. पहिल्यांदाच त्याने ते देशावरच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचलं. त्याने मुलुंडला फोन लावून गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगितलं. पलीकडे गंधाली "नारळ!" असं किंचाळली, मग रडायच्या बेतात आली. "काका, मी पुन्हा करते. आजच करते."

"आता कधी, बाय? उद्या उद्घाटन आहे."

"वाट लावली मी तुमची."

"तू कशी लावलीस? शब्दच तसलो," नंदू म्हणाला. पण त्या दिवशी त्याचा आवाज शेजारच्या घरात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर स्टेज कंपनीची प्रांजल नावाची मुलगी त्याला भेटली. हातात यादी, कानाला यंत्र. तिने नंदूला स्टेजपासून लांब, जनरेटरच्या बाजूला नेऊन एका टेबलामागे बसवलं. टेबलावर वही होती, मागे फलक होता: 'तक्रार निवारण कक्ष'.

"बाळ, माझं गाऱ्हाणं स्टेजवर..."

"हो ना सर, शेड्यूलमध्ये आहेच. सात वाजून पाच मिनिटांनी गाऱ्हाणी. आम्ही माइकवरून अनाउन्स करतो, लोक तुमच्याकडे येतील." आणि ती गेली.

अनंत स्टेजवर, मध्ये दोन हजार माणसं. नंदू बसला. करणार काय? आणि फलक वाचून लोक खरंच आले. चौदा नंबरच्या वडे-सागोतीच्या स्टॉलवरची बाई आली, तिच्या नळाला सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. गोड खाजं विकणारा खाजेवाला आला, त्याच्या स्टॉलवरचा दिवा लागत नव्हता. एका आजीला बसायला खुर्ची मिळाली नव्हती. नंदू मान खाली घालून वहीत लिहीत राहिला. नाव काय, गाव काय. सवयच ती.

सात वाजून पाच मिनिटं झाली. माइकवरून गोड आवाजात सूचना आली, "ज्यांची गाऱ्हाणी असतील त्यांनी जनरेटरशेजारी नंदकुमार सरांना भेटावं." स्टेजवर पाहुणे नारळ हातात धरून उभे राहिले. अनंत विंगेत बघत राहिला. एक मिनिट गेलं. दोन गेली. दोन हजार मालवणी माणसं चप्पल काढून, हात जोडून गाऱ्हाण्याची वाट बघत उभी, आणि गाऱ्हाणंच नाही. मैदानावर अशी शांतता पसरली, की तव्यावरचं घावन ऐकू येत होतं.

तेव्हा नंदू घाडीगावकर खुर्चीवर चढला. माइक नव्हता. वही हातात होती.

"बाऽऽ देवा म्हाराजाऽऽ!"

दोन हजार माणसं एकदम मागे वळली.

"होय म्हाराजा!"

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा, आज ह्या घाटकोपरात तुझी लेकरां जमली हत, तेंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"चौदा नंबराच्या स्टॉलार आमची तळगावची लेक सकाळपासून पाण्याबिगर उभी आसा, तिच्या नळाक पाणी धाड रे म्हाराजा!"

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग कळलं, आणि मैदान असं गरजलं, की मेट्रोच्या पुलावरच्या लोकांनी वाकून पाहिलं. "होय म्हाराजाऽऽ!"

"खाजेवाल्याच्या स्टॉलार उजेड पाड रे म्हाराजा! आजयेक खुर्ची दी रे म्हाराजा! आणि हे जत्रेचे जे कोण करते-सवरते स्टेजार उभे हत, तेंचे कान उघड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजाऽऽ! होय म्हाराजाऽऽ!"

लोक हसत होते, डोळे पुसत होते, टाळ्या वाजवायचं भान नव्हतं. गर्दीत विद्याधरपंत, मुलुंडहून मुलीबरोबर माफी मागायला आलेले, मूठ उगारून "होय म्हाराजा" ओरडत होते आणि त्यातच त्यांनी आपले अकरा महिन्यांचे दोन अर्ज जोरात सांगून टाकले. नंदूने तेही घेतले. अनंत राऊळ स्वतः खांद्यावर पाण्याची कॅन घेऊन चौदा नंबरकडे पळाला. वीजवाला पळाला. आजीपुढे नऊ खुर्च्या आल्या. एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर, असं म्हणत नंदूने गाऱ्हाणं शेवटाला नेलं, पाहुण्यांनी नारळ फोडला, आणि गंधालीने गर्दीतून पुढे येऊन खुर्चीवरून उतरणाऱ्या नंदूचा हात धरला. "काका," ती म्हणाली, "कार्ड बदलायचं नाही."

"गप गो," नंदू म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो कुजबुजत होता. "आता कार्ड कित्याक होया?"

स्टेज कंपनीने त्या दिवसाचं रेकॉर्डिंग केलं होतं आणि ते फार स्वच्छ आलं होतं. पुढच्या वर्षापासून जत्रोत्सवाच्या उद्घाटनाला तेच लावतात, त्यामुळे गाऱ्हाण्यासाठी कोणाला बोलवावं लागत नाही.